आंघोळीचं पाणी

लश्कर, ग्वाल्हेर
२ डिसेंबर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी जागीच होते. तू दबक्या आवाजात बोलत होतीस, बहुधा गच्चीवरून. दादाच्या आजाराला डॉक्टरांनी नाव दिलं, ते तू एकदाच उच्चारलंस आणि पुढे सगळा वेळ नुसतं ‘ते’ म्हणत राहिलीस. या घरात आम्हीही ‘ते’च म्हणायचो. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्याकडे पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला तो तुझ्या नानाकाकाच्या आजाराला सात वर्षं झाल्यावर.

फोन ठेवताना तू विचारलंस, "आत्या, बाबा रोज सकाळी त्याला म्हणतात, आळस सोड, ऊठ, आंघोळ कर, म्हणजे निम्मा आजार जाईल. तो उठत नाही. मग बाबा ओरडतात. खरंच आळस असतो का गं तो?"

फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. पत्र लांबेल. एका बैठकीत वाचलं नाहीस तरी चालेल.

तुला नानाकाका आठवतो तो महाराज बाड्यावरून गजकेचा पुडा घेऊन येणारा, फारसं न बोलणारा, कानात ट्रान्झिस्टरचं बटण घालून ओट्यावर बसणारा. तो गेला तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. आजारापूर्वीचा नाना तुला कोणी सांगितलाच नसेल. १९७९ साली तो वीस वर्षांचा होता, बी.एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षाला. भौतिकशास्त्र त्याचा जीव की प्राण. संध्याकाळी मित्रांबरोबर बाड्यावर चक्कर मारल्याशिवाय जेवायचा नाही. त्या पावसाळ्यात चक्कर बंद झाली. मग झोप गेली. मग त्यानं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, कारण चौकातला पानवाला चुना लावताना हातानं खुणा करतो आणि त्या खुणा आपल्याविषयीच्या आहेत, असं त्याला वाटायला लागलं. रेडिओवरच्या बातम्यांत आपलं नाव न घेता आपल्याबद्दल सांगतात, म्हणून त्यानं रेडिओवर गोधडी टाकली. शेवटी आईच्या हातचं जेवण सोडलं. टाकीच्या पाण्यात काही मिसळलंय, असं म्हणायचा. आई त्याच्यासमोर पहिला घास स्वतः खायची, तेव्हा कुठे तो दुसरा घ्यायचा.

आवाजांविषयी त्यानं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. दोन पुरुष होते. ते त्याच्याशी बोलत नसत, त्याच्याविषयी आपसात बोलत. ‘आता उठला. आता पाणी पितोय. बघ, हात कापतोय त्याचा.’ दिवसभर. जेवताना, वाचताना, संडासात. परीक्षेच्या पेपरातलं उत्तर लिहायला घेतलं की ते दोघं ते उत्तर वाचून दाखवायचे आणि हसायचे. तू कल्पना करून बघ, अशा माणसानं प्रश्न सोडवायचा कसा? आणि ते ‘वाटणं’ नसतं, मनू. असे आवाज ऐकू येत असताना मेंदूतले भाषेचे आणि श्रवणाचे भाग खरोखर काम करत असतात, हे मेंदूच्या चित्रणांत दिसलेलं आहे. म्हणून दादाला ‘काही नाहीये रे, तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं सांगून उपयोग होत नाही. त्याच्या हो ला हो सुद्धा करायचं नाही. मी पुढे पुढे एवढंच म्हणायला शिकले: "मला काही ऐकू येत नाहीये. पण तुला येतंय, आणि तुला त्रास होतोय, हे मला दिसतंय." यानंतर तो बऱ्याचदा शांत बसायचा.

पहिली दोन वर्षं आम्ही घालवली. गंडे, दोरे, अंगारे, कुणीतरी सांगितलेल्या एका ठिकाणी तीन अमावास्या. त्या ठिकाणाचं नाव मी आता लिहीत नाही. नानाच्या मनगटावरचा तिथल्या दोरीचा वळ मात्र शेवटपर्यंत होता. उपचार सुरू व्हायला जितका उशीर, तितकं सावरणं अवघड, हे आज सगळे मनोविकारतज्ज्ञ सांगतात. तुमच्या घरी सहा महिन्यांत निदान झालं. त्या सहा महिन्यांसाठी स्वतःला दोष देत बसू नका. आमच्या मानानं तुम्ही फार लवकर पोचलात.

औषध सुरू झालं आणि दीड-दोन महिन्यांत ते दोघं मंदावले. खिडकी उघडली. आईनं सत्यनारायण घातला. आम्हाला वाटलं, नाना परत आला.

खरी परीक्षा तिथून पुढे होती, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

नाना पडून राहायला लागला. दहा, अकरा, बारा वाजेपर्यंत. अंगणात बंब होता. आई पहाटे तो पेटवायची आणि सात वाजता नानासाठी बादली भरून न्हाणीघरात ठेवायची. पाणी निवायचं. ती पुन्हा गरम पाणी घालायची. पुन्हा निवायचं. ग्वाल्हेरचा डिसेंबर कसा असतो ते तुला माहीत आहे, न्हाणीघराच्या फरशीवर पाय ठेववत नाही. तिसऱ्यांदा पाणी निवलं की आबा, म्हणजे तुझे आजोबा, दारात उभे राहून म्हणायचे, "राजेसाहेब, स्वारी कधी निघणार?" मग आवाज चढायचा. आळशी, ऐतखाऊ, बापाच्या जिवावर. मीही म्हटलंय. शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी घाईत मीही म्हटलंय, "नाना, एक आंघोळ करायची तर आहे, त्यात एवढं काय?"

१९८६ साली आम्हाला एक डॉक्टर भेटले, त्यांनी आजाराचं नाव स्पष्ट सांगितलं आणि मला एक प्रश्न विचारला. "तो आंघोळ करत नाही म्हणता. नेमका कुठे अडतो, ते विचारलंत का कधी?" सात वर्षांत आम्ही कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री मी विचारलं. नाना खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, मी बादलीपर्यंत येतो. मग पुढे काय करायचं ते सुटतं."

ते वाक्य मी विसरलेले नाही. आपल्याला आंघोळ हे एक काम वाटतं. त्याच्यासाठी ती वीस-पंचवीस कामं होती: उठायचं, पंचा शोधायचा, कपडे निवडायचे, पाणी किती गरम ते बघायचं, आधी डोकं की आधी हातपाय ते ठरवायचं, साबण कुठे ठेवला ते लक्षात ठेवायचं. एकेक पायरी मनाशी जुळवताना मधलीच निसटायची आणि तो ओल्या फरशीवर उभा राहायचा. आणि त्याही आधी, उठावं असं वाटणंच आतून आटलेलं होतं. भूक लागल्यावर जेवावंसं वाटतं, मित्र दिसला की हाक मारावीशी वाटते, असं जे ‘वाटणं’ आपल्याला फुकट मिळतं, ते या आजारात जातं. भास आणि संशय ही आजाराची एक बाजू. ती लोकांना दिसते, तिची भीती वाटते, आणि सध्याच्या औषधांनी तीच जास्त आटोक्यात येते. इच्छा आटणं, बोलणं कमी होणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं ही दुसरी बाजू. लक्ष, स्मरण, कामांचा क्रम लावणं विस्कळीत होणं ही तिसरी. या दोन बाजू माणसाचा रोजचा दिवस खातात, औषधांना फारशा जुमानत नाहीत, आणि बघणाऱ्याला त्या हुबेहूब आळसासारख्या दिसतात.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तो आळस नाही. आळशी माणसाला लोळण्यात सुख असतं. नानाला मी त्या अंथरुणात एक दिवसही सुखात पाहिलं नाही.

मग आम्ही काय केलं, ते सांगते. रात्रीच पंचा खुंटीवर, स्टुलावर कपडे घालायच्या क्रमानं रचून ठेवायचे, वर बनियन, खाली पायजमा. सकाळी एका वेळी एकच वाक्य. "नाना, उठून बस." तो बसला की, "चहा घे." चहा झाला की, "पंचा खांद्यावर घे." आवाज न चढवता, मधे थांबून. रोज आंघोळीचा हट्ट सोडला, एक दिवसाआड ठरवली. पहिले तीन-चार महिने मी न्हाणीघराबाहेर उभी राहून वाक्यं सांगितली. मग चार वाक्यं पुरायला लागली, मग दोन. वर्षभरानं तो बंबाचा आवाज ऐकून स्वतः उठायला लागला. एवढं साधलं त्या दिवशी आई देवघरात जाऊन रडली. परक्याला हे सांगायला लाज वाटावी इतकी छोटी गोष्ट आहे. आमच्या घरात तिच्याएवढी मोठी दुसरी घडली नाही.

छिन्नमनस्कता हा या आजाराचा मराठी शब्द तू वाचशील. तो मला आवडत नाही. स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली सुचवलं. विचार, भावना आणि कृती यांची एकमेकांशी असलेली बांधणी सैल होते, असं त्यांना म्हणायचं होतं. लोकांनी त्याचं दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व करून टाकलं, एका माणसात दोन माणसं, सिनेमात दाखवतात तसं. ते अगदीच चुकीचं आहे. जपानी भाषेतलं जुनं नावही ‘मन फाटण्याचा आजार’ अशाच अर्थाचं होतं. रुग्णांच्या नातेवाइकांनी मागणी लावून धरली आणि २००२ साली तिथे नावच बदललं. नवं नाव साधारण ‘जुळणी बिघडण्याचा आजार’ या अर्थाचं आहे. नाना बादलीपाशी जे म्हणाला, ते याच्या किती जवळचं आहे बघ.

दिवस कसा जातो, हेही तू विचारलं होतंस. किराणा आणायला पाठवलं तर तीन वस्तूंतली एक यायची, म्हणून चिठ्ठी लिहून द्यायला लागलो. बँकेतल्या रांगेत तो दहा मिनिटांवर उभा राहू शकत नसे, मागचे लोक आपल्याविषयी कुजबुजताहेत असं वाटायचं. मी दुपारी गर्दी नसताना नेऊ लागले. भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडायचा आणि तासाभरानं तेच पान असायचं. पदवी राहिलीच. तुझ्या बाबाच्या लग्नात सगळे हसत होते आणि नानाचा चेहरा कोरा होता. लोक म्हणाले, याला काही वाटत नाही. रात्री त्यानं मला विचारलं, "तो आता पुण्यालाच राहणार का कायमचा?" आत सगळं होतं. चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हतं.

औषधांचाही एक हिशेब असतो आणि तो दादाला भोगावा लागणार आहे, घरच्यांना नाही. नानाचे हात थरथरायचे, अंग ताठ व्हायचं, कधी पाय एका जागी ठरायचे नाहीत, रात्रभर अंगणात येरझाऱ्या. पुढे महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळालं तेव्हा रोजच्या गोळीवरून होणारी भांडणं संपली. आणखी पुढे क्लोझापिन सुरू झालं. ज्यांना दुसऱ्या औषधांनी गुण येत नाही त्यांच्यासाठी ते असतं, आणि ते घेताना पांढऱ्या पेशींसाठी नियमित रक्त तपासावं लागतं. दादाला जे काही होईल ते डॉक्टरांना सांगायचं, लपवायचं नाही. औषध बदलता येतं, मात्रा कमी करता येते. पण आपल्या मनानं बंद करायचं नाही. नानानं एकदा केलं होतं, बरं वाटतंय म्हणून. दोन महिन्यांत खिडकी पुन्हा लागली, आणि त्या खेपेला पूर्वीच्या जागेवर यायला दीड वर्ष गेलं.

एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. आम्ही सगळे त्याच्या मनाकडे बघत राहिलो आणि शरीराकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दिवसाला दहा-बारा कप गोड चहा, विड्या, औषधांनी वाढलेलं वजन. साखर कधी तपासली नाही. एकोणसाठाव्या वर्षी, २०१८ साली, तो हृदयविकारानं गेला. या आजाराची माणसं इतरांपेक्षा पुष्कळ आधी जातात, बऱ्याच पाहण्यांत दहा ते वीस वर्षं आधी, आणि मुख्यतः हृदय, मधुमेह, फुप्फुसं यांच्या साध्या दुखण्यांनी. दादाचं वजन, रक्तदाब, साखर यांची वही तू ठेव. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखव.

आता तुझ्या बाबाविषयी. त्याच्यावर रागावू नकोस. १९७९ साली तो तेरा वर्षांचा होता आणि नानाच्या शेजारी गादी टाकून झोपायचा. नाना रात्री भिंतीशी काय काय बोलायचा ते आम्हा सगळ्यांपेक्षा त्यानं जास्त ऐकलंय. १९८८ साली तो पुण्याला गेला आणि दिवाळीलासुद्धा चार दिवसांच्या वर राहिला नाही. दादाच्या खोलीचं दार बंद दिसलं की त्याला काय दिसत असेल, ते मला कळतं. आळस असला तर बरं, असं त्याला वाटत असणार. आळस ओरडून जातो.

पण त्याला हे वाचून दाखव. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसांचा मागोवा घेतला. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा जिवाला घोर लावणारी अति काळजी होती, तिथली माणसं जास्त वेळा पुन्हा आजारी पडली. पुढे अनेक देशांत हे पुन्हा पुन्हा दिसून आलं. यात अति काळजीही मोजली आहे, याकडे मला तुझं लक्ष वेधायचंय. आबा ओरडायचे. मी नाना पस्तिशीचा झाला तरी त्याची नखं कापायचे, त्याला कुणी प्रश्न विचारला तर उत्तर मी द्यायचे. दोन्ही त्याला जड जात होतं. आठवड्यातले काही तास तो आमच्यापासून आणि आम्ही त्याच्यापासून लांब असलो की सगळ्यांनाच बरं वाटायचं, हे आम्हाला अनुभवानं उमगलं. तू तुझं कॉलेज सोडू नकोस. दादाची रखवाली करायला चोवीस तास घरी राहणं ही त्याची सेवा नव्हे.

आपल्या इथून सव्वाशे किलोमीटरवरचं आग्रा या आजाराच्या इतिहासात एका चांगल्या कारणानं नोंदलेलं आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ देशांतल्या नऊ केंद्रांत या आजाराच्या रुग्णांचा अभ्यास सुरू केला. लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन यांच्या बरोबरीनं आग्रा होतं. दोन आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा आग्र्याचे आणि नायजेरियातल्या इबादानचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा सरासरीनं चांगले सावरलेले निघाले. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते रास्तही आहेत. आपल्याकडची घरं फार प्रेमळ म्हणून असं झालं, हे मला पटत नाही. आमच्या घरातलं प्रेम मी वर लिहिलंच आहे. मला वाटतं, त्या वेळच्या घरांत आणि शेतांत प्रत्येकाला जमेल असं काहीतरी काम असायचं आणि ते कमी जमलं तरी ताटावरून कुणी उठवत नसे. नानानं वीस वर्षं शेजारच्या वाण्याकडे दुपारी दोन तास पुड्या बांधल्या. महिन्याला मिळायचे थोडेच पैसे, पण त्या पैशांतून तो गजक आणायचा. तू खाल्लेली गजक त्याच्या कमाईची होती.

मात्र घर सुटलं की काय होतं, ते आपल्या ग्वाल्हेरनं पाहिलंय. इथल्या मानसिक आरोग्यशाळेची अवस्था इतकी बिकट झाली होती की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९७ साली न्यायालयानं रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तीन मनोरुग्णालयांवर देखरेख करायला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला सांगितलं. नाना आजारी पडला तेव्हा देशात १९१२ चा कायदा चालू होता, त्याचं नावच ‘वेड्यांचा कायदा’. आज २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे, उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि दादा बरा असताना तो स्वतः लिहून ठेवू शकतो की पुढे तब्येत बिघडली तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं. ते त्याला लिहू दे. तुझं नाव घातलं तर हो म्हण.

काही वर्षांपूर्वी आपल्या ग्वाल्हेरच्या रस्त्यावर थंडीत कुडकुडणाऱ्या एका फाटक्या माणसाला दोन पोलीस अधिकाऱ्यांनी जाकीट आणि बूट दिले. ते वळले तेव्हा त्यानं त्यांच्यातल्या एकाला नावानं हाक मारली. तो त्यांच्याच तुकडीतला, मानसिक आजारानं रस्त्यावर आलेला सहकारी निघाला. देशभर बातमी झाली. नाना तेव्हा नव्हता, पण मी तो पेपर हातात धरून बसले होते. मुंबईजवळ कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि त्यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावरच्या अशाच माणसांना उचलून आणते, औषधोपचार करते आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या त्यांच्या घरी नेऊन पोचवते. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या माणसांना घरं असतात, मनू. लोकांना ही माणसं धोकादायक वाटतात, प्रत्यक्षात मारणाऱ्यांपेक्षा मार खाणाऱ्यांत ती जास्त असतात. नानालाही गल्लीतल्या पोरांनी दगड मारलेत. त्यानं कधी उलटून हात उचलला नाही.

जे तू विचारलं नाहीस, तेही लिहिते, कारण तुझ्या आवाजात ते होतं. ‘मलाही होईल का?’ काका आणि पुतण्या दोघांना झाला म्हणजे घराण्यात काहीतरी आहे, हे खरं. सर्वसाधारण माणसांत हा आजार शंभरात एकाहून कमी जणांना होतो. सख्ख्या भावंडाला झालेला असला तर शंभरात साधारण नऊ जणांना. म्हणजे एक्क्याण्णव जणांना होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही. तुझ्या हातात एक गोष्ट आहे: गांजा आणि भांग यांच्या वाटेला जायचं नाही. होळीची म्हणून, शिवरात्रीचा प्रसाद म्हणून, मैत्रिणींच्या आग्रहाखातरही नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांना तो धोका मोठा असतो. दादालाही हे सांग.

आणि कुणी तुझ्या आईला बोललं, की तिनं लाडावलं म्हणून झालं, तर तिथेच थांबव. गेल्या शतकात मोठमोठे विद्वानही आईला दोष देत होते. ते सगळं मोडीत निघालंय. माझ्या आईनं मात्र तो दोष मरेपर्यंत उराशी बाळगला. माझं ठरलेलं लग्न याच आजारामुळे मोडलं. त्याचं मला तितकं दुःख झालं नाही, जितकं आईच्या त्या समजुतीचं झालं.

पुण्यात तुम्ही एकटे नाही. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्या पुढाकारानं पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, तिला ‘सा’ म्हणतात. रुग्ण आणि नातेवाईक तिथे एकत्र बसून बोलतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही वाणींच्याच पाठबळामुळे झाला. अतुल कुलकर्णीनं त्यात आजारी भाऊ केलाय, सोनाली कुलकर्णीनं बहीण. तो बाबाबरोबर बघ. मी नानाबरोबर पाहिला होता. तो अर्ध्यातून उठून अंगणात गेला, पाणी पिऊन परत आला आणि शेवटपर्यंत बसला.

दादा कधी म्हणाला, की जगण्यात अर्थ नाही, किंवा तुला तशी शंका आली, तर घाबरून विषय बदलू नकोस. सरळ विचार, "जिवाचं काही करावंसं वाटतंय का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलतो. त्याला एकटं सोडू नकोस, डॉक्टरांना लगेच कळव. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तो आत्ताच फोनमध्ये घालून ठेव.

दादा बरा होईल का, हे मी सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तिघांत किमान एक जण पूर्ण बरा होतो. पुष्कळ जण औषधं घेत नोकरी करतात, संसार करतात. नाना त्या तिघांतला एक नव्हता. तरी शेवटची पंधरा वर्षं तो स्वतःच्या हातानं जेवला, स्वतः आंघोळ करत होता, दर डिसेंबरात तानसेन समारोहाला जाऊन सगळ्यात मागे उभा राहून गाणं ऐकत होता. कानात गाणं असलं की ते दोघं गप्प बसतात, असं म्हणायचा. ज्या रेडिओवर त्यानं गोधडी टाकली होती, त्याचंच बटण पुढे त्याच्या कानात असायचं.

मी झेलमचं तिकीट काढलंय. सोळा तारखेला निघते, महिनाभर राहीन. गजक आणते आहे. तोपर्यंत एवढं कर: रोज रात्री दादाचा टॉवेल आणि कपडे क्रमानं काढून ठेव, आणि बाबाला सांग की सकाळी फक्त एकच वाक्य म्हणायचं, "ऊठ, चहा घे," आणि मग पाच मिनिटं थांबायचं. पाणी निवलं तर निवू दे. तुमच्याकडे गीझर आहे.

तुझी,
आत्या